धाकट्या भावाला टेरिटोरियल आर्मीचं बोलावणं आलंय, घरच्यांनी काय करावं?

पारोळा तालुक्यातल्या एका मोठ्या भावाने विचारलं आहे. त्याचा धाकटा भाऊ टेरिटोरियल आर्मीच्या, म्हणजे एरवी आपला धंदा करून गरजेला बोलावल्या जाणाऱ्या प्रादेशिक सेनेच्या, इन्फन्ट्री बटालियनमध्ये जवान आहे. एरवी तो घरचा कापूस पाहतो आणि जवळच्या एका जिनिंगमध्ये नोकरी करतो. आता काश्मीरसाठी बोलावणं आलंय. वडील म्हणतात, "आपण पोराला वर्षाच्या दोन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी पाठवलं होतं, लढाईला नाही. नाव काढून घे." भावाला कळून घ्यायचंय की तिथे नेमकं काय काम असतं, नोकरीचं काय होईल, घरच्यांनी कशी तयारी करावी, परत आल्यावर त्याच्याशी कसं वागावं, आणि तुळशीच्या लग्नानंतर धरलेलं त्याचं लग्न आताच उरकून टाकावं का.

भाऊ, मी टेरिटोरियलमधूनच सुभेदार म्हणून बाहेर पडलो. शेती अमळनेर तालुक्यात आहे. काश्मीरात आणि ईशान्येकडे कंपनीसोबत राहिलोय, आणि निवृत्तीनंतर जाणाऱ्या-येणाऱ्या पोरांच्या घरी माझं बसणं-उठणं चालूच आहे. त्यामुळे थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगतो.

आधी आबांचं, म्हणजे तुमच्या वडिलांचं. त्यांचा जीव तुटतोय हे मला कळतं, पण आता नाव काढून घेता येत नाही. बोलावणं आल्यावर हजर न होणं हा कायद्याने गुन्हा आहे. आणि खरं सांगायचं तर टेरिटोरियल ही कधीच नुसती ट्रेनिंगची फौज नव्हती. प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ ला सी. राजगोपालाचारींनी तिचं औपचारिक उद्घाटन केलं, म्हणून तो दिवस आजही प्रादेशिक सेना दिन म्हणून पाळतात. १९६२, ६५, ७१ या तिन्ही लढायांत टेरिटोरियलच्या तुकड्या होत्या, श्रीलंकेतही गेल्या, पंजाब आणि काश्मीरच्या अशांत काळातही राहिल्या. आपल्या भुसावळकडच्या जुन्या रेल्वेवाल्यांना विचारा. रेल्वेच्या वेगळ्या टेरिटोरियल रेजिमेंट होत्या, त्यात नोकरीला असलेलेच लोक वर्दी घालून गाडी चालवायचे, रूळ दुरुस्त करायचे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी संरक्षण मंत्रालयाने प्रादेशिक सेना नियमांतल्या नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना अधिकार दिला, की टेरिटोरियलचा प्रत्येक अधिकारी आणि प्रत्येक जवान गरजेप्रमाणे बोलावता येईल. ३२ इन्फन्ट्री बटालियनपैकी १४ तैनात करण्याची तरतूद त्यातच आहे, आणि आदेशाची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. म्हणजे तुमच्या भावावर काही वेगळा अन्याय झालेला नाही. ज्यासाठी तो भरती झाला, तेच काम आलंय.

आबांना हे शांतपणे समजावा. पोराच्या समोर "नाव काढ, नाव काढ" चालू ठेवू नका. जाणाऱ्याचं अर्धं लक्ष घरातल्या भांडणात अडकलं, की पहिले काही आठवडे तो पोस्टवर नुसता शरीराने असतो. अशी पोरं मी पाहिलीत. पहाऱ्याच्या ड्यूटीवर डोळा समोर असतो आणि मन चौकातल्या पारावर.

आता काम काय असतं ते. सिनेमात दाखवतात तशी धावपळ रोज नसते. टेरिटोरियलच्या पलटणींकडे बहुतेक वेळा रस्ते, पूल, दारूगोळ्याचे डेपो, छावण्या आणि कॉन्व्हॉय म्हणजे लष्करी गाड्यांचे ताफे, यांची राखण असते. नियमित पलटण पुढे मोकळी राहावी म्हणून मागचं सगळं आपण धरून ठेवायचं. ऐकायला हलकं वाटतं. पण राखणीचं काम म्हणजे रोज तेच काम, तितक्याच बारकाईने, आणि ज्या दिवशी ढिलाई होईल नेमका त्याच दिवशी घात होण्याची शक्यता. शरीरापेक्षा मन जास्त थकतं ते यामुळे.

रोड ओपनिंग पार्टी, ज्याला सगळे आरओपी म्हणतात, म्हणजे ताफा जाण्याआधी रस्ता तपासणारी टोळी, ती जरा जवळून सांगतो, कारण तुमच्या भावाच्या वाट्याला ती बहुतेक येईल. पहाटे अंधार असतानाच स्टँड-टू होतं, म्हणजे सगळे हत्यार घेऊन सज्ज होतात. मग बुलेटप्रूफ जॅकेट, डोक्याला गोळी अडवणारा पटका, हत्यार, पाणी, दुपारची पुरी-भाजी बांधून टोळी निघते. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी, एकमेकांत अंतर राखून, पायी. पुढे माइन डिटेक्टरवाला, कुठे कुठे कुत्रा आणि त्याचा हँडलर. रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीत वाकून पाहायचं. दगडांचा ढीग काल होता तसाच आहे का, कठड्याला नवं सिमेंट लागलंय का, गवतात तार दिसते का, कडेला डबा किंवा सिलिंडर कोणी ठेवलाय का. आपला पट्टा तपासून झाला की दिलेल्या जागी दबा धरून बसायचं, कॉन्व्हॉय जाईपर्यंत. बऱ्याचदा संध्याकाळ होते. पावसात, बर्फातसुद्धा. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्यानंतर त्या महामार्गावर कॉन्व्हॉयच्या दिवशी सिव्हिल गाड्यांवर किती बंधनं आली ते सगळ्यांनी वाचलंय. रस्ता नुसता पायाखालचा पाहून भागत नाही, शेजारून जाणारी प्रत्येक गाडी पाहावी लागते. आणि त्या गाड्यांत दवाखान्यात निघालेली बाई असते, शाळेची पोरं असतात, सफरचंदाच्या पेट्या असतात. प्रत्येकाकडे संशयाने पाहायचं आणि तरीही माणसासारखं बोलायचं, हे त्या ड्यूटीतलं सगळ्यात अवघड काम.

इथे आपली खान्देशची पोरं फार कामाची ठरतात, हे मी अभिमानाने सांगतो. नुकती उकरलेली माती आणि चार दिवसांपूर्वीची माती शेतकऱ्याच्या पोराला दुरून वेगळी दिसते. रात्री उकरलेल्या मातीला सकाळी ओल असते, रंग गडद असतो, ऊन चढलं की तो उतरतो. वरून कितीही दाबून पाला टाकला तरी ढेकळांची ठेवण बदललेली असते. ज्याने लहानपणापासून सरकी टोचली, पाट फोडले, ठिबकच्या नळ्या गाडल्या, त्याला हे शिकवावं लागत नाही. माझ्या पार्टीत एका जवानाने मोरीजवळ नुसत्या जमिनीच्या रंगावरून सगळ्यांना थांबवलं होतं. तपासलं तेव्हा टेलिफोनवाल्यांनी केबल टाकून बुजवलेली चर निघाली. धोका नव्हता, पण ती नजर खरी होती आणि कंपनी कमांडरने रोल कॉलला त्याचं नाव घेतलं. जनित्र बंद पडलं की मोटर बांधणारा पोरगा पुढे येतो, गाडी अडली की गावाकडे ट्रॅक्टर चालवणारा. टेरिटोरियलची खरी ताकद हीच आहे. माणूस आपला धंदा सोबत घेऊन येतो.

तरीही सुरुवातीला त्याला काही बोलणी ऐकावी लागतील. नियमित पलटणीतले काही जण म्हणतात, "तुम टेरिटोरियलवाले". गावात काही जण म्हणतात, "हा काय, दोन महिन्यांचा फौजी." दोन्हीकडून थोडं उपरं असल्याचं दुःख आमच्या लोकांना असतं आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. पोस्टवरचं बोलणं महिन्या-दोन महिन्यांत कामानेच बंद होतं. गावातलं तुम्ही बंद करा. बोलावणीच्या काळात त्याला पगार, वर्दी, शिस्त आणि लष्करी कायदा सगळं नियमित जवानासारखंच लागू असतं. गोळीही फरक करत नाही.

थंडीचं दोन शब्दांत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस 'चिल्लई कलां' म्हणजे सगळ्यात कडक थंडीचे. मोजे ओले ठेवू नयेत, बोटं बधीर झाली तर लगेच सांगावं, लाजू नये. बंकरमध्ये बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, पेटवून सगळी भोकं बुजवून झोपू नये, धुराच्या विषारी वायूने झोपेतच माणसं गेलेली आहेत. हे त्याला युनिट सांगेलच, तुम्हीही एकदा सांगा. श्रीनगर खोरं साधारण ५,२०० फुटांवर आहे, तिथे विरळ हवेचा त्रास नसतो. ९,००० फुटांच्या वर जायचं असेल तर टप्प्याटप्प्याने शरीर सरावाला लावतात, पहिल्या टप्प्यातच सहा दिवस. त्या दिवसांत "मी तगडा आहे" म्हणून धावपळ करणाराच आधी आजारी पडतो.

आता नोकरी. प्रादेशिक सेना कायद्याचं कलम ७-अ नीट वाचा. बोलावणीवर गेलेल्या माणसाला परत आल्यावर कामावर घेणं मालकावर बंधनकारक आहे, आणि आधीच्या अटींपेक्षा वाईट अटी लावता येत नाहीत. हे टाळायला जाण्याआधीच कोणी कामावरून काढलं, तरी जबाबदारी सुटत नाही. ७-ब खाली प्रॉव्हिडंट फंडासारखे हक्क शाबूत राहतात. पण आपल्याकडे अडचण वेगळीच असते. जिनिंगमध्ये, दुकानात, पतसंस्थेत पुष्कळ पोरं कागदाविना कामाला असतात. हजेरीपट नाही, पगार हातात. मग कायदा दाखवायचा कुणाला? म्हणून जाण्याआधी मालकाला लेखी अर्ज द्या, सोबत बोलावणीच्या आदेशाची प्रत जोडा, आणि पोच घ्या. मालक भला असेल तर त्यालाही बरं वाटतं, की माणूस सांगून गेला. पगार बँकेत येत असेल तर सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढून ठेवा.

शेतीच्या बाजूला मी जास्त वेळ देतो, कारण आमच्या पोरांची पोस्टवरची झोप सगळ्यात जास्त शेताने उडवलेली आहे. उतारा कोणाच्या नावावर आहे ते पाहा. भावाच्या नावे वेगळं क्षेत्र असेल तर ई-पीक पाहणी कोण करणार ते आत्ताच ठरवा. ती शेतात उभं राहून मोबाइलवरून करावी लागते, आणि सातबाऱ्यावर पीक चढलं नाही तर सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस घालताना, विमा मागताना, नुकसानभरपाई घेताना सगळीकडे अडतं. ओटीपी जर त्याच्याच मोबाइलवर येत असेल आणि तो फोन पोस्टवर लागत नसेल, तर तुम्ही तहसीलच्या चकरा मारत राहाल. बँक, सोसायटी, वीज कनेक्शन, जिथे जिथे त्याची सही लागते तिथलं मुखत्यारपत्र रजिस्टर करून घ्या. पीककर्जाच्या फेडीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बांधाचा, वाटणीचा किंवा रस्त्याचा काही दावा चालू असेल तर एक गोष्ट खेड्यात फार कमी लोकांना माहीत आहे. भारतीय सैनिक (दावे) कायदा, १९२५ हा आजही लागू आहे. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत तैनात असलेल्या सैनिकाविरुद्ध त्याच्या गैरहजेरीत दिवाणी दावा पुढे रेटता येऊ नये, म्हणून त्यात कामकाज स्थगित ठेवण्याची सोय आहे. युनिटकडून दाखला मागवायचा, वकिलामार्फत कोर्टात द्यायचा. जिल्हाधिकाऱ्यांमार्फतही कोर्टाला कळवता येतं. भाऊ सीमेवर आणि इकडे शेजाऱ्याने एकतर्फी निकाल घेतला, असं होऊ देऊ नका. आपल्या भागाच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी बोलता येतं. तिथे जाऊन एकदा ओळख करून ठेवा, गरज पडल्यावर पहिल्यांदा जाऊ नका.

फोनचं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. निघण्याच्या आठवडाभर आधी बदलून घ्या, नाहीतर जम्मूला उतरल्यावर फोन मुका होतो आणि घरी रडारड सुरू होते. पत्ता म्हणून नंबर, रँक, नाव, कंपनी, युनिट आणि मार्फत ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (लष्कराचं टपाल कार्यालय) एवढंच असतं, गावाचं नाव नसतं. ते का नसतं ते घरातल्या प्रत्येकाला समजावा. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "आमचा भाऊ अमुक ठिकाणी, अमुक पुलावर" असा फोटो टाकायचा नाही, अभिमान कितीही असो. "मी हेडक्वार्टरमधून बोलतोय, तुमचा मुलगा आता कुठे आहे?" असा फोन आला तर उत्तर द्यायचं नाही. युनिटला तुमच्या मुलाचा ठावठिकाणा तुम्हाला विचारायची गरज नसते.

दोन-तीन दिवस फोन आला नाही तर सगळ्यात वाईट गोष्ट धरून चालू नका. पार्टी बाहेर असते, नेटवर्क बंद केलेलं असतं, चार्जिंगला लाइट नसते. काही वाईट घडलं तर युनिट स्वतः, अधिकृत वाटेने कळवतं, टीव्हीवाल्यांच्या आधी. बातम्यांचा चॅनल चोवीस तास लावून आईला त्याच्यासमोर बसवू नका. मे २०२५ मध्ये त्या चार दिवसांत खोट्या बातम्यांनी घराघरातल्या बायकांचे जे हाल केले, ते मी गावोगावी पाहिलेत.

फोन आला की काय बोलावं? घरचं बोला. कपाशीला बोंडअळी पडली का, गिरणेच्या कालव्याचं पाणी सुटलं का, कानबाईच्या सणाला रोट किती झाले, म्हैस व्याली का. तो "बठ्ठं बरं शे, माय" (सगळं बरं आहे, आई) असंच म्हणेल. खोदून विचारू नका, पण तुमच्याकडून खोटंही सांगू नका. आईला दवाखान्यात ठेवलं असेल तर लपवू नका, नीट सांगा आणि सोबत कोण आहे, पैसे आहेत का, हेही सांगा. लपवलेली गोष्ट गावातल्या कुठल्या तरी मित्राकडून त्याला कळतेच, आणि मग तुमच्या प्रत्येक "सगळं ठीक आहे"वर त्याचा विश्वास उरत नाही. पार्सल पाठवायचं तर ज्वारीच्या बिबड्या, शेंगदाण्याची चटणी, उडदाचे पापड पाठवा. बुखारीवर बिबड्या भाजल्या की केरळपासून बिहारपर्यंतची पोरं बंकरमध्ये गोळा होतात.

आता परत येण्याबद्दल. तुम्ही हा प्रश्न शेवटाकडे विचारलात, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नियमित जवान आघाडीवरून उतरला की पलटणीसोबत पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत येतो. आजूबाजूला तेच सगळं भोगलेली माणसं असतात, त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. आमचा माणूस भुसावळला झेलममधून उतरतो आणि दुसऱ्या दिवशी घरात एकटा असतो. त्याच्यासोबत मोरीत वाकून पाहणारे कुणी सोलापूरला, कुणी सांगलीला पांगलेले असतात. गावात त्याच्या भाषेत बोलणारं कुणी नसतं. पंधरा दिवसांत तो फवारणीचा पंप पाठीवर घेऊन शेतात उभा असतो आणि सगळ्यांना वाटतं, झालं, आला परत.

शरीर आलेलं असतं. पहाटे साडेतीन-चारला तो आपोआप जागा होईल, अंगणात फेऱ्या मारेल. जेवताना भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसेल. मोटरसायकलवर मागे बसवलंत तर मोरी आली की अंग आखडेल. माझ्याच गावातल्या एका पोराची गोष्ट आहे. शेताच्या रस्त्यावर कोणीतरी ठिबकची काळी नळी आडवी टाकली होती, आपल्याकडे रोजच पडलेली असते तशी. त्याने करकचून ब्रेक दाबला, गाडी आडवी केली आणि मागच्या बायकोला ओढून चारीत नेलं. ती घाबरली, रस्त्यावरचे लोक हसले. त्या हसण्याने तो आठ दिवस घराबाहेर पडला नाही. मी त्याच्याकडे गेलो, पंपाच्या खोलीत दोघं बसलो, आणि त्याला सांगितलं की तुझ्या डोळ्याने जे काम महिनोन् महिने चोख केलं तेच तो अजून करतोय, त्याला थोडे दिवस दे. मग आम्ही दोघं त्याच रस्त्याने पायी गेलो, ती नळी हाताने उचलून त्याने स्वतः गुंडाळली. पुढे काही आठवडे तो त्या रस्त्याने रोज चालायचा, मग सायकलने, मग गाडीने. एवढ्यावर तो सावरला. प्रत्येक जण एवढ्यावर सावरतो असं नाही.

म्हणून काही गोष्टी हात जोडून सांगतो. तो येईल त्या दिवशी डीजे आणि फटाके लावून मिरवणूक काढू नका. तरुण मंडळ प्रेमाने करतं, मला माहीत आहे, पण सुतळी बॉम्बच्या पहिल्या आवाजाला त्याचं काय होतं ते मंडळाला दिसत नाही. सत्कार करायचाच तर महिन्याभराने करा, ग्रामपंचायतीत, दिवसा, शांतपणे. आल्या आल्या त्याला चौकात बसवून "किती उडवले?" असं विचारणाऱ्यांना तुम्ही मोठा भाऊ म्हणून तिथल्या तिथे थांबवा. त्याला झोपू द्या. पहिल्या आठवड्यात घराचे निर्णय, देणीघेणी, वाटणीचे विषय काढू नका. आणि तो नसताना घर तुम्ही, आईने चालवलंय हे विसरून "आता आलास, तूच बघ" म्हणून सगळं त्याच्या अंगावर टाकू नका. उलट चूकही होते. त्याला काहीच काम न देता पाहुण्यासारखं ठेवलं, तरी तो खचतो. पाणी भरणं, बैल धुणं, ठिबकचे फिल्टर साफ करणं, अशी हाताला काम देणारी, घाई नसलेली कामं पहिल्यांदा द्या.

दारूवर लक्ष ठेवा. युनिटमध्ये रम मोजून, ठराविक दिवशी मिळते. गावात कोणी मोजत नाही, आणि फौजीला पाजणारे फार असतात. महिना-दीड महिन्यानंतरही झोप नसेल, एकच प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, बारीक गोष्टीवरून हात उगारला जात असेल, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं एकदाही बोलला असेल, तर ते स्वभाव बदलला म्हणून सोडू नका. डॉक्टरला दाखवा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. सैन्यदलातल्या लोकांसाठी पुण्याच्या एएफएमसीमध्ये (सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात) त्याचाच खास कक्ष १ डिसेंबर २०२३ ला सुरू झालाय. भगताकडे, बाबाकडे नेऊन धूप दाखवण्यात सहा महिने घालवलेली घरं मी पाहिलीत. आणि त्याच्या पार्टीतल्या एक-दोघांचे नंबर तुमच्याकडेही ठेवा. एकमेकांना फोन करू द्या, भेटायला जाऊ द्या, "फौज संपली तरी अजून तेच" असं म्हणू नका. त्याला समजणारी माणसं तीच आहेत.

मार लागला तर कागद. हे अप्रिय आहे, पण सांगतो. तैनातीत काहीही लागलं, गुडघा मुरगळला, कान बसला, बर्फाने बोट गेलं, तर त्याने त्याच वेळी एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, नोंद करून इंज्युरी रिपोर्ट बनवून घ्यावा. आमची पोरं "चालतंय, साहेब" म्हणून सोडून देतात आणि घरी आल्यावर तो गुडघा कोणाचा हे सिद्ध करता येत नाही. टेरिटोरियलवाल्याला अपंगत्वाचं पेन्शन नाही असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पानीराम विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये टेरिटोरियलच्या इको (पर्यावरण) बटालियनमधल्या जवानाला ते मंजूर केलं. त्याच्याकडून आधी सही करून घेतलेलं 'मला लाभ नको' असं प्रमाणपत्रसुद्धा न्यायालयाने मानलं नाही. पण त्याच्या बाजूने कागद होते, हे लक्षात घ्या.

राहिलं लग्न. आता उरकून टाकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. निघायला आठ-दहा दिवस, त्यात हळद, वरात, आणि चौथ्या दिवशी नवरा झेलममध्ये. मुलगी परक्या घरात, नवऱ्याशी धड ओळखही नाही, आणि रोज रात्री टीव्हीवर काश्मीर. त्या मुलीशी हा न्याय नाही. तुमच्या भावालाही तिकडे नव्या काळजीचं ओझं. मुलीकडच्यांना घरी बोलवा, भावाच्या समोर बोला, तारीख त्याच्या रजेनुसार धरू असं सांगा. मुलीला आणि त्याला फोनवर बोलू द्या, त्यात गैर काही नाही. त्या निमित्ताने ओळख तरी होईल. मुलीच्या घरचे थांबायला तयार नसतील, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

आणि लग्न जेव्हा कधी होईल तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला आणि दोघांचा एकत्र फोटो युनिटला लगेच पाठवून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटच्या दप्तरी लग्नाची नोंद, निघाली का ते विचारा. ती निघेपर्यंत फौजेच्या कागदावर ती त्याची बायको नसते. सध्या किंडरेड रोलमध्ये (फौजेकडच्या नातेवाइकांच्या यादीत) आणि विम्याच्या नॉमिनेशनमध्ये कोणाचं नाव आहे ते त्याला जाण्याआधी विचारून घ्या. आई असेल तर आईचं आधार, बँक पासबुक आणि उताऱ्यावरचं नाव एकाच स्पेलिंगचं आहे का, ते या आठवड्यातच तपासा. पारोळ्यात दुरुस्तीला वेळ लागतो.